गोळी चालू असतानाच गाठ परत वाढली, मग पुन्हा बायोप्सी कशाला?

नान्नजचा_मळा:

नमस्कार मंडळी. आईविषयी विचारायचंय, जरा सविस्तर लिहितो.

आई ५९ वर्षांची. तंबाखू, मिश्री, कशालाच कधी हात लावला नाही. मागच्या-मागच्या वर्षी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत तिचा खोकला थांबेना, बांधावरून चालतानाही धाप लागायला लागली. सोलापुरात सीटी काढला तर उजव्या फुफ्फुसात गाठ. बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा आला. हा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार. तोच नमुना पुढच्या तपासणीला पाठवला, तेव्हा ‘ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन’ असा रिपोर्ट आला, म्हणजे गाठीतल्या एका जनुकात बदल. रोग हाडांपर्यंत गेलेला, त्यामुळे ऑपरेशनचा विषय नव्हता. डॉक्टर म्हणाले, ह्या बदलावर नेमकी चालणारी गोळी आहे. जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, रोज एक.

गोळीनं काय केलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. खोकला गेला, भूक परतली. चेहऱ्यावर पुरळ आलं, अधूनमधून जुलाब व्हायचे, पण आई विरळणीला आलेल्या बायकांबरोबर बागेत उभी राहायला लागली. पुढच्या सीटीत गाठ निम्म्याहून लहान. आम्हाला वाटलं, सुटलो.

यंदा माल उतरवून झाला आणि खोकला परत आला. सीटीत जुनी गाठ वाढलेली, शेजारी एक नवी, आणि फुफ्फुसाभोवती पाणी. डॉक्टर म्हणतात रेझिस्टन्स आलाय, म्हणजे गाठ आता गोळीला दाद देत नाही, पुन्हा बायोप्सी करू.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. भाऊ म्हणतो, मध्ये स्वस्त पडते म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी घ्यायला लागलो, तिथंच घोळ झाला. मावशी म्हणते, गोळी बंद करा, काढा सुरू करा, आणि रोग तोच आहे तर परत सुई कशाला टोचताय. आणि आई गप्प राहून एवढंच म्हणते की माझ्यामुळंच झालं. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेला गेली होती, बाहेरचं खाल्लं, त्या दिवसांत गोळी कधी सकाळी तर कधी दुपारी घेतली, हे तिच्या मनात रुतून बसलंय. तिचं हे बोलणं मला ऐकवत नाही.

कुणी समजेल असं सांगेल का? चांगली चालणारी गोळी चालू असतानाच का चालेनाशी होते? आणि बायोप्सी खरंच परत करायला लागते का?


वैशाली_अशोकचौक:

दादा, मी मूळची सोलापूरचीच, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. ट्यूमरच्या नमुन्यातून डीएनए काढून त्यातले बदल शोधायचे, हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही विचारलेलं ‘का’ माझ्या टेबलावर रोज येतं, म्हणून लिहिते.

आधी काकूंसाठी. गड्ड्याला गेल्यानं, बाहेरचं खाल्ल्यानं किंवा गोळी सकाळऐवजी दुपारी घेतल्यानं हे झालेलं नाही. त्यांना आजच, स्पष्ट शब्दांत सांगा. जेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच चाळीस तासांहून जास्त लागतात. पाच-सहा तासांच्या उशिरानं औषध अंगातून निघून जात नाही. आणि ह्या गोळीवरचं मोठं काम ठरलेली ‘आयपास’ ही चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, ती मूळ औषध बनवणाऱ्या कंपनीनं चालवलेली होती. त्यात काकूंसारखा ईजीएफआरचा बदल असलेल्या रुग्णांपैकी निम्म्या जणांचा आजार साधारण साडेनऊ महिन्यांत पुन्हा पुढे सरकला. मूळ कंपनीची गोळी, चाचणीतली कडक देखरेख, तरीही. तुमच्या हिशोबानं काकूंना वर्षाहून जास्त मिळालं. हा भाग भावालाही वाचायला द्या.

आता खरं कारण. गाठ म्हणजे एकाच पेशीच्या हुबेहूब प्रती नसतात. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. एका पेशीच्या दोन होताना सुमारे ६०० कोटी अक्षरांचा डीएनए उतरून काढावा लागतो आणि उतरताना चुका राहतात. निरोगी पेशीत अशा चुका दुरुस्त होतात, नाही झाल्या तर ती पेशी स्वतःला संपवते. कर्करोगात ही व्यवस्था बहुतेक वेळा मोडलेली असते. त्यामुळे काकूंना पहिला खोकला आला तेव्हाच त्या गाठीत एकमेकींपासून थोड्या-थोड्या वेगळ्या झालेल्या पेशींचे अनेक गट नांदत असणार. एक्झॉन १९ चा बदल त्या सगळ्यांत होता, कारण गाठ त्याच्यापासूनच सुरू झाली. बाकीचे बदल ज्याचे त्याचे.

तुमची द्राक्षबाग आहे, तर तिथूनच सांगते. डाउनीवर (पानांवरच्या केवडा रोगावर) एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध लागोपाठ मारत राहिलं की काय होतं? पहिल्या फवारणीला बाग स्वच्छ. पण लाखो बीजाणूंत एखादा असा निघतो, ज्याच्यावर ते औषध लागूच पडत नाही. तो औषधानं तयार केलेला नसतो, आधीच तिथं असतो, फक्त गर्दीत दिसत नाही. बाकीचे मेले की सगळी पानं त्याला मोकळी. मग तेच औषध, तीच मात्रा, आणि बाग हातची जाते. औषध बनावट नसतं आणि फवारणाऱ्याचंही चुकलेलं नसतं. काकूंच्या फुफ्फुसात हेच घडलंय.

हे नुसतं समजावण्यापुरतं नाही. बदल औषधाच्या आधीच असतात, हे साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर दाखवलं. वेगवेगळ्या नळ्यांत जिवाणू वाढवले आणि त्यांच्यावर जिवाणू मारणारा विषाणू सोडला. काही नळ्यांत एकही जिवाणू तगला नाही, तर काहींत शेकडो तगले. विषाणू भेटल्यावर बदल घडत असते, तर सगळ्या नळ्यांत आकडे जवळपास सारखे आले असते. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये हाच विचार कर्करोगाला लावला. गाठ ही उत्क्रांत होत जाणारी पेशींची प्रजा आहे, असं त्यांनी मांडलं. माझ्या मते कर्करोगावर लिहिल्या गेलेल्या सगळ्यांत दूरदृष्टीच्या लेखांपैकी तो एक.

आता काकूंच्या गोळीकडे येते. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारं. एक्झॉन १९ च्या बदलानं तो निरोप बंदच होत नाही. ह्या प्रथिनाला एक खाच असते, तिच्यात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बसतं आणि त्याच्या जोरावर निरोप पुढे जातो. जेफिटिनिब त्या खाचेत जाऊन बसतं आणि एटीपीला जागा देत नाही. २००५ मध्ये रेझिस्टन्स आलेल्या रुग्णांच्या गाठींत एक नवा बदल सापडला, टी७९०एम. प्रथिनाच्या साखळीतल्या ७९० व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन. डीएनएमधलं फक्त एक अक्षर बदलतं. पण त्यानं खाचेची एटीपीवरची पकड इतकी वाढते की जेफिटिनिबला शिरकाव मिळत नाही. जेफिटिनिब किंवा त्याच जातीचं एर्लोटिनिब घेऊन आजार वाढलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हाच बदल सापडतो.

त्याच्यावर ऑसिमर्टिनिब आलं, अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ते खाचेजवळच्या ७९७ व्या जागेच्या सिस्टीनला कायमचं चिकटतं, त्यामुळे टी७९०एम असला तरी चालतं. टी७९०एम असलेल्या रुग्णांच्या चाचणीत आजार थोपवून धरण्याचा काळ ऑसिमर्टिनिबवर सुमारे १०.१ महिने आणि केमोवर ४.४ महिने होता. काकूंच्या नमुन्यात हा बदल निघाला तर त्यांच्यासाठी पुढची गोळी तयार आहे.

पण सुटकेची वाट एकच नसते, आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. काही गाठींत मेट नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या प्रती खूप वाढतात. मग ईजीएफआर बंद राहिलं तरी वाढीचा निरोप शेजारच्या वाटेनं पोचतो. तिथं नुसतं ऑसिमर्टिनिब देऊन फार हाती लागत नाही. आणि थोड्या रुग्णांत, शेकड्यात मोजक्याच, पेशींचं रूपच पालटतं. अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा वेगळाच प्रकार, होतो. एक्झॉन १९ चा बदल त्यांच्यात तसाच असतो, वंश तोच असतो, पण ईजीएफआरवर त्यांचं अवलंबणंच संपलेलं असतं. त्याची केमो वेगळी. सीटीत ह्या तिन्ही गोष्टी एकसारख्याच दिसतात, वाढलेली गाठ म्हणून. कोणती वाट घेतली ते पेशी हातात आल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय दिलेलं पुढचं औषध म्हणजे अंदाज. दीड वर्षापूर्वीचा रिपोर्ट त्या वेळच्या पेशींचा होता. आज वाढतायत त्या गोळीतून वाचलेल्यांची पिढी आहे.

सुई टाळायची असेल तर आधी रक्त तपासता येतं. मरणाऱ्या ट्यूमर पेशींचा डीएनए तुकड्यांनी रक्तात येतो, त्यात टी७९०एम शोधतात. रक्तात सापडला तर ठीक, डॉक्टर त्यावर पुढे जाऊ शकतात. नाही सापडला तर गाठीत नाहीच, असं धरायचं नसतं. तुकडे कमी पडले की तपासणीतून सुटतात. शिवाय पेशींचं रूप पालटलंय का, हे रक्त सांगत नाही, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो.

तुमच्या बाबतीत एक सोपी गोष्ट आहे. काकूंना पाणी झालंय. ते काढावं लागणारच असेल, तर त्याच्या तळाच्या पेशींचा ‘सेल ब्लॉक’ (पेशी एकत्र करून बनवलेला, बायोप्सीसारखा कापता येणारा ठोकळा) करून त्यावरच सगळ्या तपासण्या होतील का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा होतात, आणि गाठीत सुई घालायची वेळ येत नाही.

शेवटचं, पण सगळ्यांत आधी पाळायचं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. गाठीत अजून गोळीला दबणाऱ्या पेशीही असतात. गोळी अचानक थांबवल्यावर काही रुग्णांत आजार दिवसांतच उसळलाय. कधी थांबवायची, पुढचं औषध कधी सुरू करायचं, ते डॉक्टरांकडूनच.


सातरस्ता_मेडिकल:

वैशालीताईंनी नीट लिहिलंय. दुकानातून मी दोन गोष्टी सांगतो.

कंपनी बदलण्याबद्दल: भारतात जेफिटिनिबचे अनेक उत्पादक आहेत आणि हजारो रुग्ण त्याच गोळ्यांवर आहेत. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर टिपून ठेवा, बस्स. पण पित्ताच्या गोळीकडे लक्ष द्या. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल बऱ्याच चिठ्ठ्यांवर असतातच. पोटातलं आम्ल फार कमी झालं की जेफिटिनिब नीट शोषलं जात नाही. आई अशी गोळी रोज घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. काढ्याचंही तसंच. जेफिटिनिब यकृतातल्या ज्या एन्झाइमनं मोडतं, त्याच एन्झाइमवर काही वनस्पतींचा परिणाम होतो. न सांगता काही देऊ नका.

ऑसिमर्टिनिबची वेळ आली तर खर्चाचा आकडा ऐकून तिथंच थांबू नका. जुलै २०२४ च्या बजेटात कर्करोगाच्या तीन औषधांवरची कस्टम ड्युटी काढली, त्यात हे एक होतं. कंपनीची रुग्णांसाठी काही मदत योजना आहे का, हे हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात विचारा.


अण्णा_कासेगाव:

वैशालीताई, बागेचं उदाहरण एकदम पटलं. पण मग माझा प्रश्न आहे. आम्ही द्राक्षवाले आता एकच आंतरप्रवाही सलग दोनदा मारत नाही. आलटून-पालटून मारतो, किंवा मेटॅलॅक्झिलसोबत मॅन्कोझेब असलेलं मिश्रणच घेतो. कृषी खात्याची माणसं, द्राक्ष संघाची माणसं, सगळी हेच सांगतात. मग माणसाच्या बाबतीत डॉक्टर एकच गोळी देऊन ती बंद पडायची वाट का बघतात ओ? पहिल्या दिवसापासूनच दोन-तीन औषधं का नाही देत?


वैशाली_अशोकचौक:

अण्णा, फार नेमका प्रश्न विचारलात. मॅन्कोझेब बुरशीवर एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी घाव घालतं. म्हणून त्याला चुकवायला बुरशीला एक बदल पुरत नाही. केमोचं काम ह्याच जातीचं. तुमचं मिश्रण माणसांवरही करून बघितलंय, आणि आपल्याच मुंबईत. टाटा मेमोरियलमध्ये ३५० रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं जेफिटिनिब दिलेल्यांत आजार साधारण ८ महिने थोपला, जेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो दिलेल्यांत १६ महिने. आयुष्यही वाढलं. पुढे ऑसिमर्टिनिबसोबत केमो देऊन तशीच चाचणी झाली, तिथं १६.७ महिन्यांचे २५.५ झाले. आपल्याकडच्या परवडणाऱ्या औषधांवर हे आधी करून दाखवलं गेलं, ह्याचा मला खरंच अभिमान वाटतो, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

मग सगळ्यांना का देत नाहीत? टाटाच्या त्याच चाचणीत तीव्र दुष्परिणाम मिश्रणात सुमारे ५१ टक्के रुग्णांना झाले, नुसत्या गोळीत २५ टक्क्यांना. वेल फवारणी सोसते, माणसाचं तसं नाही. वय, मूत्रपिंड, अंगातली ताकद, गावाहून दर तीन आठवड्यांनी सलाइनसाठी यायला जमणार का, हे सगळं बघावं लागतं. दोन-तीन नेमक्या गोळ्या एकत्र द्याव्यात, तर तेही सरळ नाही. ईजीएफआर निरोगी कातडीत आणि आतड्यातही असतं. पुरळ आणि जुलाब त्यामुळेच. असे परिणाम एकावर एक चढत जातात.

एकाच वेळी अनेक बाजूंनी घेरायचं, हे तत्त्व मात्र पक्कं आहे. टीबीत सुरुवातीचे दोन महिने चार औषधं त्याच कारणानं देतात. एचआयव्हीत १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं आणि त्या आजाराचं सगळं चित्र बदललं. एकाच जंतूत तिन्ही औषधांना चुकवणारे तीन बदल एकदम असणं जवळजवळ अशक्य, हा त्यामागचा हिशोब. कर्करोगात हा हिशोब तेवढा स्वच्छ बसत नाही. मेटची वाट किंवा स्मॉल सेल होणं, अशा एकाच उडीनं पेशी बऱ्याच औषधांच्या पलीकडे जाऊ शकते.

आणखी एक अडचण आहे. काही पेशी कोणताही बदल नसताना औषधाखाली नुसत्या दबून बसतात. वाढत नाहीत, मरतही नाहीत. २०१० मध्ये फुफ्फुसाच्या ईजीएफआरवाल्या पेशी प्रयोगशाळेत भरपूर औषधात ठेवून हे दाखवलं गेलं. मोजक्या पेशी तगल्या. औषध काढल्यावर त्यांची संतती पुन्हा औषधाला बळी पडू लागली, म्हणजे त्यांच्यात टी७९०एमसारखा कायमचा बदल नव्हता. पण अशा तगलेल्या पेशींत पुढे खरा बदल घडू शकतो. म्हणजे लुरिया-डेलब्रुक म्हणतात तसे आधीपासूनचे बदल, आणि हे नंतर घडणारे, दोन्ही. पहिल्या सीटीत गाठ जवळजवळ नाहीशी झाली तरी आम्ही निर्धास्त का होत नाही, ते ह्यामुळे.

आलटून-पालटून देण्याचा विचारही चालू आहे. अमेरिकेत रॉबर्ट गॅटनबी ह्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात अ‍ॅबिराटेरोन देताना, रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या गाठीचा माग सांगणारं प्रथिन) निम्म्यावर आला की औषध थांबवायचं आणि पहिल्या पातळीवर आला की पुन्हा सुरू करायचं, असं करून बघितलं. उद्देश असा की औषधाला बळी पडणाऱ्या पेशी थोड्या शिल्लक राहाव्यात आणि त्यांनी न दबणाऱ्यांना जागा मिळू देऊ नये. २०१७ मध्ये ११ रुग्णांचे निष्कर्ष आले आणि ते आशादायक होते. पण ती लहान चाचणी, दुसरा आजार, आणि मोजमाप सतत चालू. हे वाचून कुणी घरी गोळी थांबवून बघू नये, म्हणून परत सांगते.


पद्मा_विडीघरकुल:

हे सगळं वाचून छातीत धडधडायला लागलं. आमच्या मिस्टरांना सीएमएल आहे, रक्ताचा कर्करोग. इमॅटिनिब ४०० रोज, साधीच भारतीय कंपनीची, कितीतरी वर्षं झाली. यंत्रमागावर रोज कामाला जातात. त्यांच्यातही एक दिवस असंच होणार का?


वैशाली_अशोकचौक:

पद्माताई, घाबरू नका, तुमच्याकडची गोष्ट बरीच वेगळी आहे. सीएमएल सुरुवातीच्या टप्प्यात जवळजवळ एकाच बदलावर उभा असतो, बीसीआर-एबीएल. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तो तयार होतो. ही अदलाबदल जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखवली होती. त्यात पेशींचे गट फुफ्फुसाच्या गाठीइतके फुटलेले नसतात, म्हणून एकच नेमकी गोळी वर्षानुवर्षं पुरते. इमॅटिनिबच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. रेझिस्टन्स तिथंही येतो, पण कमी जणांत. टी३१५आय नावाचा बदल तर टी७९०एमचा भाऊच, तशाच जागी बसणारा. त्याच्यावरही आता पोनाटिनिब, अ‍ॅसिमिनिब अशी औषधं आहेत.

तुमच्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, बीसीआर-एबीएलची रक्तातली पीसीआर तपासणी चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून पुढे ढकलू नका. आकडा हळूहळू चढायला लागला तर त्रास जाणवायच्या कितीतरी आधी त्यात दिसतो. आणि नान्नजच्या दादांच्या भावाला तुमच्या मिस्टरांची गोळी कुठल्या कंपनीची, तेवढं सांगा.


नान्नजचा_मळा:

ताई, तुमचं पहिलं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं साडेनऊ महिन्यांची ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाली, करू दे त्यांना काय करायचं ते, सुई टोचली तरी चालेल. मावशीनं काढ्याचा विषय सोडलेला नाही, पण डॉक्टरांना विचारू म्हणतेय.

डॉक्टरांना सेल ब्लॉकचं विचारलं, ते लगेच हो म्हणाले. उद्या पाणी काढणार आहेत. पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक हॉस्पिटलमधून मागून घ्यायला लागेल का? आणि रिपोर्टात आम्ही काय बघायचं?


वैशाली_अशोकचौक:

काकू तयार झाल्या, फार बरं वाटलं.

हो, जुना ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. पेशींचं रूप पालटलंय का, हे ठरवताना पॅथॉलॉजिस्टला जुनं-नवं शेजारी ठेवून बघता येतं. पाण्याचं म्हणाल तर एखादी छोटी बाटली न पाठवता जास्तीत जास्त द्यायला सांगा. पेशी विरळ असतात, जेवढं पाणी जास्त तेवढा ब्लॉक चांगला होतो. आणि काढल्यावर ते गाडीत किंवा उन्हात पडून राहू देऊ नका, त्याच दिवशी लॅबमध्ये पोचू दे. सोबतच्या फॉर्मवर ‘जेफिटिनिब चालू, आजार वाढलेला’ असं लिहिलंय ना, ते बघा. ते नसेल तर लॅबवाले पहिल्या वेळेसारखीच तपासणी करतात आणि टी७९०एम किंवा मेट राहून जाऊ शकतं.

रिपोर्ट आला की ‘टी७९०एम आढळला नाही’ एवढ्याच ओळीवर थांबू नका. नमुन्यात ट्यूमर पेशी किती टक्के होत्या, ते त्यातच कुठंतरी लिहिलेलं असतं. त्या फारच कमी असतील तर त्या ‘नाही’वर विसंबता येत नाही. मग रक्ताची तपासणी करायची की दुसऱ्या जागेचा नमुना घ्यायचा, ते डॉक्टरांशी बोला. रिपोर्ट वाचताना काही अडलं तर इथं टाका, आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.